विश्लेषण : गिम्बल घेतला तरी व्हिडीओ का हलतो?

गणपतीची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो किंवा गडावरची सहल, गर्दीत एखादा तरी हात दांड्याला लावलेला मोबाइल पुढे धरून चालताना दिसतोच. मोबाइल स्थिर ठेवणाऱ्या या यंत्राला गिम्बल म्हणतात. हौशी मंडळी रील्ससाठी तो घेतात, तर लग्नाचे चित्रीकरण करणारे आणि यूट्यूब वाहिनी चालवणारे पोटापाण्याचे साधन म्हणून. मात्र खरेदीनंतर पहिल्याच चित्रीकरणात अनेकांची एकच तक्रार असते : ‘चालताना व्हिडीओ अजूनही उसळतोच!’ बहुतेक वेळा यात यंत्राचा बिघाड नसतो. गिम्बल एका प्रकारचे हलणे थांबवतो आणि दुसऱ्या प्रकारचे थांबवू शकत नाही. हा फरक समजला तर कोणता गिम्बल घ्यावा, कसा वापरावा आणि मुळात घ्यावा की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

कॅमेरा हलतो म्हणजे नेमके काय होते?

हातातला कॅमेरा दोन प्रकारे हलतो. पहिला प्रकार फिरण्याचा. मनगट डावी-उजवीकडे वळले की ‘पॅन’, वर-खाली झुकले की ‘टिल्ट’ आणि कॅमेरा एका बाजूला कलला की ‘रोल’. दुसरा प्रकार सरकण्याचा. यात कॅमेऱ्याची दिशा तीच राहते, पण तो संपूर्णच वर-खाली, डावी-उजवीकडे किंवा पुढे-मागे जातो. चालताना प्रत्येक पावलागणिक आपले शरीर काही सेंटिमीटर वर-खाली होते आणि त्याबरोबर हातातला कॅमेराही.

या दोन्हींचा परिणाम सारखा नसतो. समजा, ५० मीटरवर मंदिराचा कळस आहे. कॅमेरा फक्त एका अंशाने फिरला तरी त्या अंतरावर त्याचा रोख सुमारे ८७ सेंटिमीटरने चुकतो आणि व्हिडीओला मोठा झटका बसल्यासारखे दिसते. तोच कॅमेरा न फिरता ३ सेंटिमीटर वर गेला, तर कळसाच्या बाबतीत रोख ३ सेंटिमीटरच बदलतो आणि डोळ्यांना ते जाणवतही नाही. पण समोर अर्ध्या मीटरवर मोदकांचे ताट असेल, तर हेच ३ सेंटिमीटर कॅमेरा जवळपास साडेतीन अंशांनी फिरल्याइतके ठळक दिसतात. म्हणजे दूरच्या दृश्यात फिरणे त्रास देते, तर जवळच्या दृश्यात सरकणे.

गिम्बल कसा काम करतो?

गिम्बलची मूळ कल्पना जुनी आहे. जहाज कितीही हेलकावले तरी होकायंत्र आडवे राहावे म्हणून ते एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगले जाई. आजच्या गिम्बलमध्ये कड्यांची जागा तीन छोट्या मोटारींनी घेतली आहे. पॅन, टिल्ट आणि रोल या प्रत्येक अक्षासाठी एक मोटार असते. आतील जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर हे संवेदक कॅमेरा किती आणि कोणत्या दिशेने फिरला, हे सतत मोजत असतात. हात उजवीकडे दोन अंश वळला की मोटार कॅमेरा डावीकडे दोन अंश वळवते. हे इतक्या वेगाने घडते की मोबाइल हवेत तरंगल्यासारखा वाटतो.

यातच गिम्बलची मर्यादाही दडली आहे. तिन्ही मोटारी कॅमेरा फक्त फिरवू शकतात. त्याला वर उचलणे किंवा खाली आणणे त्यांना शक्य नाही. त्यामुळे पावलागणिक होणारी उसळी गिम्बल लावूनही तशीच राहते. दूरच्या देखाव्यात ती लपते, पण दोन मीटरवरून चालणाऱ्या नवरीचे चित्रीकरण करताना ती उघडी पडते.

सिनेमातले शॉट इतके तरंगते कसे?

त्यामागे वेगळे यंत्र आहे. अमेरिकी छायाचित्रकार गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात ‘स्टेडिकॅम’ तयार केला. ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’ या १९७६च्या चित्रपटांत तो वापरला गेला. फिलाडेल्फियातील संग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढणारा रॉकी अनेकांना आठवत असेल. पुढे १९८०च्या ‘द शायनिंग’मध्येही त्याचा भरपूर वापर झाला. या शोधाला १९७८च्या सोहळ्यात ऑस्करही मिळाले.

मूळ स्टेडिकॅममध्ये मोटारी नव्हत्या. चालकाच्या अंगात जाकीट, त्याला जोडलेला स्प्रिंगचा हात आणि त्यावर वजनाने तोललेला कॅमेरा अशी त्याची रचना होती. पावलांची उसळी हा स्प्रिंगचा हात शोषून घेई. पुढे ड्रोनमध्ये विकसित झालेल्या मोटारींमुळे हातात धरण्याजोगे गिम्बल शक्य झाले. ‘फ्रीफ्लाय’ कंपनीचा ‘मोव्ही’ २०१३ मध्ये आला आणि ‘डीजेआय’ने मोबाइलसाठीचा ‘ऑस्मो मोबाइल’ २०१६ मध्ये आणला. यंत्र लहान आणि स्वस्त झाले, पण स्प्रिंगचा हात मात्र गेला. मोठ्या कॅमेऱ्यांच्या गिम्बलना अशी स्प्रिंग वेगळी जोडता येते. मोबाइलच्या गिम्बलमध्ये ते काम चालणाऱ्याच्या गुडघ्यांना करावे लागते.

मोबाइलमध्येच स्थिरीकरण असताना गिम्बल कशाला?

आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये दोन प्रकारचे स्थिरीकरण असते. ‘ओआयएस’मध्ये कॅमेऱ्याची काच किंवा सेन्सर अतिशय थोड्या अंतरात उलट दिशेने हलतो. २०१२च्या नोकिया ल्युमिया ९२०पासून ते स्मार्टफोनमध्ये आहे. हाताची बारीक थरथर ते उत्तम रोखते, पण चालतानाचे मोठे झटके त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात.

‘ईआयएस’ हे सॉफ्टवेअरचे काम आहे. त्यात व्हिडीओच्या चारही कडा थोड्या कापल्या जातात आणि उरलेली चौकट हलण्याच्या उलट दिशेने सरकवली जाते. गोप्रोच्या हीरो ७ ब्लॅकमधील ‘हायपरस्मूथ’ (२०१८) आणि आयफोन १४मधील ‘अ‍ॅक्शन मोड’ (२०२२) ही याचीच पुढची रूपे. भरपूर उजेडात त्यांचा निकाल साध्या गिम्बलच्या तोडीचा असतो. मात्र दृश्य अरुंद होते आणि अंधार पडला की खरी अडचण सुरू होते. कमी उजेडात प्रत्येक चौकटीसाठी कॅमेऱ्याचे शटर जास्त वेळ उघडे राहते. तेवढ्यात हात हलला तर ती चौकटच पुसट होते. सॉफ्टवेअर चौकटी एका रेषेत आणू शकते, पण पुसटपणा काढू शकत नाही. परिणामी स्थिर दिसणाऱ्या व्हिडीओतही दिवे मधूनमधून थरथरतात.

गिम्बल मुळात कॅमेराच फिरू देत नाही. म्हणून रात्रीची मिरवणूक, सभागृहातले लग्न, समईच्या उजेडातली पूजा अशा ठिकाणी तो उपयोगी ठरतो. दिवसा, उन्हात आणि बहुतांशी उभ्याने चित्रीकरण करणाऱ्याचे काम चांगल्या मोबाइलवरच भागते.

घेताना काय पाहावे?

सर्वात आधी अक्ष मोजावेत. ‘गिम्बल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त सेल्फी स्टिकमध्ये एकच मोटार असते. ती फक्त रोल सावरते, पॅन आणि टिल्टचे झटके तसेच राहतात. वेष्टनावर ‘थ्री-अ‍ॅक्सिस’ लिहिलेले आणि प्रत्यक्षात तीन मोटारी असलेलाच गिम्बल घ्यावा.

दुसरा मुद्दा वजनाचा. प्रत्येक गिम्बलला किमान आणि कमाल वजनाची मर्यादा असते. उदाहरणार्थ, ऑस्मो मोबाइल ६साठी ती १७० ते २९० ग्रॅम आहे. आयफोन १४ प्रो मॅक्स एकटाच २४० ग्रॅमचा आहे. त्यावर जाड कव्हर, छोटा माइक आणि दिवा लावला की मर्यादा संपते. मग मोटारी गरम होतात, बॅटरी लवकर उतरते आणि मोबाइल अचानक मान टाकतो. मिररलेस कॅमेऱ्यासाठी वेगळा गिम्बल लागतो. डीजेआयचा ‘आरएस ३ मिनी’ २ किलोपर्यंत वजन पेलतो, पण तिथेही कॅमेरा, लेन्स आणि माइक यांची बेरीज करूनच निवड करावी. आकड्याच्या काठावर न जाता थोडी मोकळीक ठेवलेली बरी.

तिसरा मुद्दा अ‍ॅपचा. चेहऱ्याचा माग घेणे, झूम करणे अशा अनेक सोयी कंपनीच्या अ‍ॅपवर चालतात. आपल्या मोबाइलचे मॉडेल त्या अ‍ॅपच्या यादीत आहे का, गिम्बल पहिल्यांदा सुरू करायला खाते उघडावे लागते का आणि मोबाइलच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमधून चित्रीकरण करताना कोणत्या सोयी उरतात, हे पैसे देण्याआधी विचारावे. बॅटरीचे तास कंपनीने मोबाइल नीट तोललेला आणि जवळपास स्थिर असताना मोजलेले असतात. गर्दीत चालताना ते कमीच भरतात. मोटारीची जोडणी नाजूक असल्याने पक्के बिल, वॉरंटी आणि जवळचे दुरुस्ती केंद्र यांची खात्री करावी.

वापरताना कुठे चुकते?

गिम्बल सुरू करून मग मोबाइल अडकवणे ही सर्रास होणारी चूक. मोबाइल आधी बसवावा, तो मधोमध आणून बंद अवस्थेतच तोलून पाहावा आणि मगच बटण दाबावे. तोल नीट असेल तर बंद गिम्बलवरही मोबाइल एका बाजूला फारसा कलत नाही. क्षितिजाची रेषा सतत तिरकी येत असेल, तर गिम्बल सपाट टेबलावर ठेवून अ‍ॅपमधून ‘कॅलिब्रेशन’ करावे.

त्यानंतर चालणे. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी आणि मग चवडा टेकवत, छोटी पावले टाकावीत. कोपर शरीराजवळ ठेवून गिम्बल दोन्ही हातांनी धरावा. पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी नेताना माणूस जसा चालतो, तसेच हे चालणे. जवळच्या माणसामागे चालायचे असेल तर मोबाइलची वाइड लेन्स वापरावी. त्यात सगळेच लहान दिसत असल्याने उसळीही कमी भासते. झूम करून चालणे मात्र टाळावे.

गिम्बलमधले ‘मोड’ही समजून घ्यायला हवेत. ‘पॅन फॉलो’मध्ये कॅमेरा हाताबरोबर फक्त डावी-उजवीकडे वळतो. चालताना तोच सोयीचा. ‘लॉक’मध्ये कॅमेरा एकाच दिशेला रोखलेला राहतो. समोरून जाणाऱ्या पालखीला समांतर चालताना तो कामी येतो. ‘एफपीव्ही’मध्ये कॅमेरा तिन्ही अक्षांत हाताचे अनुकरण करतो. तो चुकून सुरू राहिला की ‘गिम्बल बिघडला’ असे वाटू लागते. कॅमेरा फिरवण्याचा वेगही आवरावा. समोरची वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागावेत, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे.

दिव्यांच्या उजेडात आणखी एक पथ्य आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर व्हिडीओत पट्टे किंवा लुकलुक दिसते. गिम्बलचा त्याच्याशी संबंध नसतो. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले तर हा त्रास सहसा टळतो. आयफोनमध्ये २५ चौकटींचा पर्याय दिसण्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ स्वरूप सुरू करावे लागते.

दुचाकीवर मोबाइल लावावा का?

इथे जपून राहावे. मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील ओआयएस आणि ऑटोफोकसची कार्यक्षमता घटू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. स्कूटर किंवा मोपेडवरही कंपने शोषणारा माउंट वापरावा आणि तसा वापरही नियमित करू नये, असे कंपनीने म्हटले होते. गिम्बलच्या मोटारीही अशा सततच्या बारीक कंपनांसाठी बनवलेल्या नसतात. प्रवासाचे चित्रीकरण नेहमीचे असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा हा सुरक्षित पर्याय ठरतो.

मग गिम्बल कोणी घ्यावा?

महिन्यातून अनेकदा चालत चित्रीकरण करणारे, कमी उजेडात काम करणारे आणि ज्यांचा ग्राहक त्या व्हिडीओचे पैसे देतो, त्यांना गिम्बलची किंमत वसूल करता येते. वर्षातून एखादे लग्न किंवा सहल असेल तर शहरांतील कॅमेरा भाड्याने देणाऱ्या दुकानांतून तो दिवसाच्या भाड्याने घेणे परवडते. पहिल्यांदा घेणाऱ्यांनीही आधी एक दिवस भाड्याने आणून आपल्याच मोबाइलवर, आपल्याच कव्हरसह आणि संध्याकाळच्या उजेडात पाहावा. एका जागी उभे राहून मुलाखती, पाककृती किंवा शिकवणीचे व्हिडीओ करणाऱ्यांनी ते पैसे साधी तिवई आणि चांगल्या माइकवर घालावेत. त्यांच्या प्रेक्षकांना किंचित हललेले चित्र चालते, पण ऐकू न येणारा आवाज चालत नाही.