तिकीट नसलेला खाद्यमहोत्सव

मोठ्या शहरांत आता वर्षभर कुठे ना कुठे खाद्यमहोत्सव भरत असतात. दारावर तिकीट, मनगटाला कागदी पट्टा, आत रांगेने स्टॉल आणि एका कोपऱ्यात वाइनचे ग्लास. मुंबईतल्या एका खाद्यमहोत्सवाला मात्र फाटक नाही, आयोजक नाही आणि वाइन तर नाहीच. रमजानचा चंद्र दिसला की मोहम्मद अली रोडवरच्या मिनारा मशिदीलगतच्या गल्लीत तो सुरू होतो आणि ईदच्या चंद्रापर्यंत चालतो.

इथे येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. बाहेरगावाहून गाडी करून येणारी मित्रमंडळीही असतात. कुणी शिगेवरच्या कबाबसाठी येतो, कुणी बैदा रोटीसाठी. गहू, डाळी आणि मटण घोटून केलेला खिचडा असतो. नल्ली निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते. उर्दूत 'निहार मुँह' म्हणजे अनशापोटी. निहारी हे मुळात सकाळचेच खाणे. गोडात मातीच्या वाटीतली फिरनी आणि परातीएवढ्या कढईतला मालपुवा. शाकाहारी पाहुण्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की इथल्या मालपुव्यात बहुधा अंडे असते. फिरनी मात्र दूध, तांदूळ आणि साखरेची.

भाषेचीही इथे गंमत आहे. सरबत आणि शराब हे दोन्ही शब्द 'पिणे' या एकाच अरबी धातूतून आले. एक इफ्तारच्या दस्तरखानावर बसला, दुसरा वर्ज्य ठरला. मालपुव्याचे नाव मात्र संस्कृतातल्या 'पूप' या शब्दाशी नाते सांगते. होळीला उत्तर भारतात घरोघरी होणारा हा पदार्थ रमजानमध्ये इथे तितक्याच हक्काने नांदतो.

पण ही गल्ली म्हणजे नुसती जत्रा नव्हे, तो राहता मोहल्ला आहे. कबाबवाला, मालपुवा तळणारा, टेबल पुसणारा पोऱ्या, यांतले बहुतेक जण पहाटेपासून पाण्याच्या घोटाविना आगीपुढे उभे असतात. मगरिबची अजान होते तेव्हा त्यांना खजूर, पाणी आणि नमाजेपुरती दहा-पंधरा मिनिटे हवी असतात. नेमकी तेव्हाच ऑर्डरची घाई होते. पुढे इशाच्या नमाजेनंतर तरावीह असते. मशिदीकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला गर्दीतून वाट काढावी लागते, आणि वरच्या मजल्यावर कुणी आजारी, कुणाची परीक्षा, कुणाला सहेरीसाठी उठायचे असते. मोबाइलवर चित्रफिती काढणाऱ्यांना ते दिसत नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे या गल्लीत रमजानची गर्दी झाली नाही. रोजे मात्र घरोघरी पूर्ण झाले, तरावीह घरात पढली गेली. जत्रेशिवाय रमजान होतो, हे त्या दोन वर्षांनी दाखवले. रमजानशिवाय मात्र ही गल्ली खाण्याच्या दुकानांची आणखी एक रांग ठरेल. दिवसभराची भूक जिथे सबुरीने सांभाळली जाते, तिथेच संध्याकाळच्या घासाला एवढी चव येते.

म्हणून जरूर जावे. 'आम्ही गेलो तर चालेल का?' असे विचारणाऱ्यांना उत्तर एकच: रोजेदाराला आणि पाहुण्याला खाऊ घालणे हे इथे पुण्यच मानतात. मसजिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरून चालत जावे. गाडी लावायला जागा मिळत नाही. शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या खरेदीची झुंबड असते, त्यामुळे सुरुवातीचे दिवस आणि मधले वार बरे. अजानीनंतर थोडा वेळ थांबावे, फोटो विचारून काढावा, मशिदीचे दार मोकळे ठेवावे आणि ताटात टाकून देण्याइतके घेऊ नये. या महोत्सवाला तिकीट नाही, पण एवढा अदब तर ठेवावाच लागतो.