तुरीची मर आणि झाडाची प्रतिकारशक्ती

आपल्या पंगतीत रोज वाढले जाणारे वरण ज्या तुरीचे, तिचा मोठा शत्रू म्हणजे मर रोग. कोरडवाहू शेतकऱ्याचा पेरणी, खुरपणी, फवारणीचा सारा खर्च होऊन गेल्यावर, ऐन फुलोऱ्यात झाडे वाळू लागतात. जमिनीत ओल असूनही ती का वाळतात आणि त्यावर काय करता येईल, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

'फ्युजेरियम उडम' ही जमिनीतील बुरशी या रोगास कारणीभूत आहे. ती मुळांवाटे शिरून जलवाहिन्यांत वाढते; वाहिन्या तुंबतात आणि पाणी वर चढेनासे होते. असे खोड उभे चिरल्यास आत काळपट रेषा दिसतात. या अवस्थेत फवारणीने झाड वाचत नाही. म्हणून खरा उपाय पेरणीपूर्वीच करावा लागतो.

झाडही स्वस्थ बसत नाही. बुरशीची चाहूल लागताच ते पेशींच्या भिंती जाड करते, बुरशीला मारक द्रव्ये निर्माण करते आणि बाधित वाहिनी डिंकासारख्या पदार्थाने बंद करते. हे वेळीच घडले तर झाड तगते. उशीर झाला तर मरते.

ही शक्ती प्रथम वाणातून मिळते. बदनापूर येथील संशोधन केंद्राचा 'बीएसएमआर ७३६' हा वाण मर व वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहे. परंतु बुरशीचेही प्रकार असतात. एकट्या वाणावर विसंबणे योग्य नव्हे. म्हणून एक किलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून, बियाणे सावलीत सुकवून पेरावे. ही उपकारक बुरशी मुळांभोवती वाढून रोगकारक बुरशीला अटकाव करते, शिवाय झाडाची संरक्षणक्रिया आधीच जागी करते. मात्र तिच्यासोबत रासायनिक बुरशीनाशक चोळू नये. त्याने तीही मरू शकते.

आपल्या वाडवडिलांची तुरीत ज्वारी घेण्याची रीत येथे उपयोगी ठरते. ज्वारीच्या आंतरपिकामुळे मरीचे प्रमाण घटते, हे प्रयोगांती दिसून आले आहे. रोगट झाडांची धसकटे मात्र वेचून जाळावीत, कारण बुरशी त्यांत वर्षानुवर्षे टिकते.

सुटीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही माहिती आई-वडिलांना सांगावी आणि पेरणीआधी बीजप्रक्रियेस स्वतः हातभार लावावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.