निकाल आणि निकालाचे कारण

पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे क्रीडाक्षेत्रातील सर्वमान्य तत्त्व आहे. तो अंतिम राहिलाच पाहिजे; अन्यथा खेळच उरणार नाही. परंतु अंतिम निर्णय अबोलही असावा, असे कोणत्याही नियमात म्हटलेले नाही.

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत मोहोळचे सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातील महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचेच. टांग डावाबद्दल गायकवाड यांना मिळालेल्या 4 गुणांवरून वाद पेटला आणि त्या क्षणाची चित्रफीत घराघरांतील भ्रमणध्वनींवर फिरली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला तर मर्यादाच सुटली. चीतपटीचा निर्णय अमान्य करून शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम लढत गायकवाड यांनी अर्ध्यावर सोडली. दोघांवर 3 वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचावर पाय उचलणे कोणत्याही सबबीखाली क्षम्य नाही. तथापि केवळ शिक्षेने संशय शमत नाही.

पूर्वी फडात गुणफलक नव्हता. पाठीला लागलेली माती हाच पुरावा आणि सभोवार बसलेला गाव हाच साक्षीदार. आज मातीतही गुण मोजले जातात. उभ्याने फेकताना प्रतिस्पर्ध्याची पाठ थेट धोक्याच्या स्थितीत आली तर 4 गुण, न आल्यास कमी. हा सूक्ष्म भेद हजारोंच्या गर्दीतील कितीजणांना दिसणार? फलकावर केवळ आकडा उमटतो आणि कारणाची पोकळी अफवा भरून काढते.

फुटबॉलने या प्रश्नावर एक उपाय योजला आहे. 20 जुलै 2023 रोजी महिला विश्वचषकाच्या उद्घाटनाच्या सामन्यात ऑकलंड येथे जपानी पंच योशिमी यामाशिता यांनी चित्रफीत पाहून न्यूझीलंडला पेनल्टी दिली आणि तो निर्णय ध्वनिक्षेपकावरून साऱ्या प्रेक्षागाराला सांगितला. क्रिकेटमध्ये 1992 साली दरबान कसोटीत दूरचित्रवाणीच्या साहाय्याने बाद ठरलेले पहिले फलंदाज आपले सचिन तेंडुलकरच होते. त्या वेळी प्रेक्षकांना केवळ निकाल कळला. पुढील 30 वर्षांत यंत्राची दृष्टी तीक्ष्ण झाली. पंचाला वाचा मात्र फार उशिरा फुटली.

यावर आक्षेप घेतला जातो, की कारणे सांगू लागल्यास पंचाचा अधिकार दुबळा होईल आणि जमाव अधिकच खवळेल. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. स्पष्टीकरणाने चुकीचा निर्णय बरोबर ठरत नाही, हेही खरे. परंतु कारण उघड सांगावयाचे असले, की निर्णय देणाराही अधिक काळजीपूर्वक पाहतो. गुण का कापले, हे उत्तरपत्रिकेच्या समासात लिहिणाऱ्या शिक्षकाचा अधिकार कमी होत नाही. अर्जावर नुसते ‘नामंजूर’ लिहिणे पुरेसे नसते, हे कचेरीतील लिपिकही जाणतो. प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत, असे माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा सांगतो. मग वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या मल्लाने कारणावाचून पराभव का स्वीकारावा?

उपाय खर्चिक नाही. वादग्रस्त क्षणाची फीत पडद्यावर दाखवावी आणि पंचप्रमुखांनी स्वच्छ मराठीत दोन वाक्यांत नियम व निर्णय सांगावा. हरलेला मल्ल त्यानंतरही नाराज होईल. पण आपण कशामुळे हरलो, हे त्याला आणि त्याच्या गावाला कळलेले असेल.