हाडं पोखरणाऱ्या पेशी

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे शल्यविशारद जॉन बेल्चियर एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचं मांस होतं. मांस नेहमीच्याच रंगाचं, पण हाडं लालभडक. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मंजिष्ठेनं रंगवलेली छिटं साफ करायला कोंडा वापरत आणि तोच पुढे डुकरांना घालत. बेल्चियर यांनी मग एका कोंबड्याला मंजिष्ठा खाऊ घातली. त्याचीही हाडं लाल झाली. १७३६ साली त्यांनी ही हकीकत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. फ्रान्समध्ये द्युआमेल यांनी मंजिष्ठा कधी सुरू, कधी बंद ठेवली, तेव्हा हाडात लाल-पांढरे थर मिळाले. डुकरांवर असेच प्रयोग करणाऱ्या जॉन हंटर यांनी पुढे ठामपणे मांडलं की वाढत्या हाडात एकीकडे भर पडते, त्याच वेळी दुसरीकडे हाड शोषलं जातं.

शोषतं कोण, हे १८७३ मध्ये कळलं. अल्बर्ट क्योलिकर यांनी हाड खाणाऱ्या अवाढव्य पेशीला ऑस्टिओक्लास्ट हे नाव दिलं. रक्तातल्या काही पेशी एकमेकींत मिसळून ती बनते, म्हणून तिच्या पोटात अनेक केंद्रकं असतात. ती हाडावर आपली कड घट्ट चिकटवून बसते. खाली तयार झालेल्या बंद पोकळीत ती जठरात असतं तेच हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. खनिज विरघळतं, आणि उघडे पडलेले कोलॅजेनचे तंतू कॅथेप्सिन-के हे विकर तोडतं. दोन-चार आठवड्यांत खळगा पडतो. तो भरायला मात्र ऑस्टिओब्लास्ट या बांधणाऱ्या पेशींना तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा असा दर वर्षी नवा होतो.

चालता-वावरताना हाडात बारीक तडे जातात. ते काढून टाकल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. त्यामुळे या पेशींना शत्रू मानणं मला पटत नाही. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते १९९७-९८ मध्ये उलगडलेलं कोडं: पोखरण्याचा हुकूम बांधणाऱ्या पेशींच्याच घराण्यातून निघतो. रँकल हे प्रथिन ऑस्टिओक्लास्ट घडवतं, आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन त्याला अडवतं. हाडात चिणल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी भार ओळखून हा तराजू हलवत राहतात.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि पारडं रँकलकडे झुकतं. एकाच वेळी जास्त खळगे पडतात आणि कुठलाच पुरता भरत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच, पण आपल्याकडे हाडांचा ठिसूळपणा म्हटलं की गोळ्यांच्या डबीपाशीच बोलणं थांबतं. ही मधली घालमेल कुणी सांगत नाही.

२०१० पासून वापरात असलेलं डेनोसुमॅब हे औषध रँकललाच धरून ठेवतं. इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं. बरं वाटतंय म्हणून ते परस्पर बंद करणं धोक्याचं आहे, कारण हाड पोखरणं उसळून येतं आणि काहींच्या मणक्यांना एकापाठोपाठ फ्रॅक्चर होतात. म्हणून ते थांबवायचंच असेल तर डॉक्टर मागोमाग दुसरं औषध सुरू करतात. या उसळीमागचा एक संभाव्य दुवा सिडनीच्या गार्व्हन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना २०२१ मध्ये जिवंत उंदरांच्या हाडांत दिसला: काम संपलेले ऑस्टिओक्लास्ट सगळेच मरत नाहीत. काही फुटून लहान पेशी होतात, आणि त्या पुन्हा एकत्र येऊन कामाला लागतात.