परिषदेतील शोधनिबंध : गोषवाऱ्यापासून सादरीकरणापर्यंत

आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आणि विद्यार्थिनी आज पदव्युत्तर शिक्षण व संशोधनापर्यंत पोहोचले आहेत. एखाद्या परिषदेचे परिपत्रक त्यांच्या हाती पडते. त्यात ‘२५० ते ३०० शब्दांत गोषवारा पाठवावा’ अशी सूचना असते आणि नेमकी तेथेच लेखणी अडते. घरातून या वाटेने आधी कोणी गेलेले नसते. मग विचारायचे कोणाला? त्यांच्यासाठी हा लेख आहे. पालकांनीही तो वाचावा. आपली लेक ‘पेपर वाचायला’ परगावी जाते म्हणजे नेमके काय करते, हे त्यांनाही कळावे.

याचा उत्तम नमुना आपल्याच वारशात आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर एक निबंध वाचला. जातीची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा विषय. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. हा निबंध आपण आदराने कपाटात ठेवतो. परंतु निबंध कसा बांधावा हे शिकण्यासाठी तो फारसा उघडत नाही.

गोषवारा म्हणजे प्रस्तावना नव्हे आणि विषयाची स्तुतीही नव्हे. संपूर्ण निबंधात काय सिद्ध केले आहे, याचा तो थोडक्यात दिलेला हिशेब असतो. त्याने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आपला प्रश्न कोणता? त्यावर पूर्वीच्या अभ्यासकांनी काय म्हटले आहे? आपण कोणत्या साधनांच्या आधारे व कोणत्या पद्धतीने शोध घेतला? आणि निष्कर्ष काय निघाला? निवड समिती शंभर गोषवारे वाचत असेल, तर ती ही चार उत्तरेच शोधते.

बाबासाहेबांच्या त्या निबंधाचा गोषवारा आज लिहायचा झाला तर तो साधारण असा होईल :

‘सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या या निबंधात तपासल्या आहेत. त्यांची छाननी केल्यावर अंतर्विवाह हेच जातीचे मूळ लक्षण ठरते. मुळात बहिर्विवाह पाळणाऱ्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला आणि त्यातून जात निर्माण झाली. गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांच्या संख्येचा तोल राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली उपयोगी पडल्या. या चाली सर्वांत कडकपणे पाळणाऱ्या पुरोहितवर्गाने प्रथम आपली दारे बंद केली; इतर वर्गांत जात अनुकरणाने व बहिष्काराने पसरली. म्हणून जात एखाद्या स्मृतिकाराने निर्माण केली, हे मत टिकत नाही.’

याखाली बीजशब्द येतील : जात, अंतर्विवाह, बहिर्विवाह, अनुकरण, बहिष्कार.

या गोषवाऱ्यात विशेषण जवळजवळ नाही. ज्या व्यवस्थेने लेखकाला वर्गाबाहेर बसविले, तिच्याविषयी लिहितानाही त्या निबंधाचा भर आक्रोशावर नाही, कारणमीमांसेवर आहे. उलट आपल्या मुलांच्या गोषवाऱ्यांत अनेकदा पहिल्या चार ओळी महापुरुषांच्या बिरुदांनी भरतात, आणि प्रश्न कोठेच सापडत नाही. आदर अंतःकरणात असावा. निबंधात पुरावा असावा.

दुसरी अडचण विषयाच्या विस्ताराची. ‘डॉ. आंबेडकरांचे शैक्षणिक विचार’ हा विषय पंधरा मिनिटांत मावत नाही. तो आवळावा लागतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. अशा एखाद्याच वसतिगृहात ठरावीक दहा वर्षांत मुले कोणत्या तालुक्यांतून आली, त्यांचे पालक कोणता व्यवसाय करीत, किती जणांनी शिक्षण पुरे केले, असा प्रश्न घेतला तर शोध घेता येतो. शाळेचे जनरल रजिस्टर, जुने अहवाल, पत्रव्यवहार आणि वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती ही त्याची साधने. अशी साधने आपल्याच गावांत, आपल्याच ट्रंकांत पडून आहेत. ती आपण वापरली नाहीत, तर आपला इतिहास दुसरे कोणीतरी लिहील किंवा कोणीच लिहिणार नाही.

आता सादरीकरण. निबंध वीस पानांचा असला तरी वेळ बहुधा दहा ते पंधरा मिनिटेच मिळते. सावकाश वाचल्यास मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. म्हणजे पंधरा मिनिटांसाठी दीड हजार शब्द पुरेत. निबंध भरभर वाचून संपविण्यापेक्षा सादरीकरणासाठी स्वतंत्र टिपण करावे. निष्कर्ष आरंभीच सांगावा, कारण वेळ संपल्याची घंटा वाजली तरी मुख्य गोष्ट सांगून झालेली असते. घड्याळ लावून घरी दोनदा मोठ्याने वाचावे. ऐकायला आईवडिलांना बसवावे. त्यांना जेथे अर्थ लागत नाही, तेथे बहुधा आपलेच वाक्य गुंतलेले असते.

पडद्यावर आठ-दहा स्लाइड पुरेत. प्रत्येकीवर एकच मुद्दा, मोठ्या अक्षरांत. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फॉन्टमधील मराठी दुसऱ्या संगणकावर ओळखू येत नाही. एक प्रत पीडीएफ करून पेनड्राइव्हवर आणि एक ई-मेलवर ठेवावी. वीज गेली तरी बोलता यावे म्हणून हाती कागद असावा.

भाषण संपल्यावर प्रश्न येतात आणि भीती वाटते ती त्यांचीच. प्रश्न आधी लिहून घ्यावा, मग उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘हे तपासावे लागेल’ असे सांगण्यात कमीपणा नाही. आपली उपपत्ती टिकणारी नाही असे कोणी दाखवून दिले, तर ती सोडण्याची तयारी बाबासाहेबांनी त्या निबंधाच्या शेवटी स्पष्ट केली होती. तपासल्याशिवाय काहीही स्वीकारू नये, ही बुद्धांची शिकवण अभ्यासात उतरते ती अशी.

केवळ प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून वाचलेला निबंध फाइलमध्ये राहतो. प्रश्नातून जन्मलेला निबंध पुढे चालतो. ‘जातिप्रथेचे विच्छेदन’ या ग्रंथाच्या १९४४ च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी नोंदविले आहे की, १९१७ चा तो निबंध या ग्रंथात सामावून घेण्याचा त्यांचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही. सत्तावीस वर्षांनंतरही विद्यार्थिदशेतील तो निबंध त्यांना उपयोगाचा वाटत होता. आपल्या मुलामुलींनी पुढच्या परिषदेला गोषवारा पाठविताना हे ध्यानात ठेवावे. आज लिहिलेल्या तीनशे शब्दांकडे त्यांना पुन्हा वळावेसे वाटेल, इतक्या काळजीने ते लिहावेत.