दहा सेंटांचा अंक

इ. स. १९३८ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील वर्तमानपत्रांच्या दुकानांत मुलांसाठी चित्रकथांचे एक नवे मासिक विक्रीस आले. त्याचे नाव 'ॲक्शन कॉमिक्स'. निळा पोशाख केलेला आणि खांद्यावरून तांबडा शेला सोडलेला एक धिप्पाड पुरुष हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटीत आहे व भ्यालेली माणसे वाट फुटेल तिकडे पळत आहेत, असे चित्र त्याच्या मुखपृष्ठावर होते. हा पुरुष म्हणजे सुपरमॅन. अंकाची किंमत होती दहा सेंट, म्हणजे एका डॉलरचा दहावा भाग. २०२४ साली याच अंकाची एक जुनी प्रत लिलावात ६० लक्ष डॉलरांना विकली गेली!

आतील कथा वाचावयास मिळावी म्हणून कोणी एवढे द्रव्य मोजले, असे समजू नये. ती कथा पुढे अनेकदा पुनर्मुद्रित झाली असून अल्प किमतीत कोणासही वाचता येते. चित्रेही काही असामान्य नाहीत. नवशिक्या हाताच्या खुणा त्यांत दिसतात. मग या जीर्ण कागदांना एवढे मोल आले कोठून?

एक कारण असे, की तो आरंभाचा अंक आहे. अतिमानवी सामर्थ्य असलेल्या, आगळा वेष धारण करणाऱ्या वीरांच्या कथांची जी लाट पुढे जगभर पसरली, तिचा उगम संग्राहक या अंकात पाहतात. म्हणूनच १९३९ सालच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकाचीही फार मागणी असते. कारण बॅटमॅन प्रथम त्यात अवतरला. स्पायडरमॅन १९६२ साली 'अमेझिंग फँटसी' या मासिकाच्या पंधराव्या अंकात प्रथम दिसला. बारा सेंटांच्या त्या अंकाच्या एका प्रतीस २०२१ साली ३६ लक्ष डॉलर मिळाले. याच वीरांचे पुढील शेकडो अंक मात्र सामान्य किमतीस मिळतात.

परंतु केवळ पहिलेपणाने वस्तू दुर्मीळ होत नाही. सुपरमॅनच्या त्या अंकाच्या सुमारे दोन लक्ष प्रती छापल्या होत्या. त्यांतील जेमतेम शंभर आज शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कोठे? मुलांनी त्या वाचल्या, दुमडून खिशात घातल्या, मित्रांशी अदलाबदल करून पुन्हा वाचल्या आणि फाटल्यावर टाकून दिल्या. मासिकाचा जन्मच त्यासाठी होता. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. त्यानंतर युद्धकार्यासाठी रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. मुलांनी घरोघर हिंडून कागद जमविला आणि त्यात आपल्या चित्रकथांचेही गठ्ठे टाकले. युद्ध संपल्यावर निराळेच संकट आले. अशा कथा वाचून मुले बिघडतात, असा समज बळावला आणि १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी शाळकरी मुलांकरवी त्यांची होळी करविण्यात आली.

या सर्वांतून जे वाचले, त्यावर काळाचा घाला होताच. हे अंक वर्तमानपत्री कागदावर छापीत. लाकूड भरडून केलेल्या लगद्यापासून तो कागद तयार होतो. लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य त्यात राहते आणि उजेड व हवा लागली की त्यामुळे कागद पिवळा पडतो. शिवाय कागदात आम्ल असते. ते हळूहळू त्याचे तंतू तोडते. मग पान उलटताच कोपरा मोडून हाती येतो. दमट हवेत तारेच्या टाचण्या गंजतात, त्यांचे तांबूस डाग पानांवर उतरतात.

म्हणून प्रत आहे कशी, यास फार महत्त्व आले. २००० सालापासून अमेरिकेत तज्ज्ञ मंडळी अंक तपासून त्यास अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देतात व तो पारदर्शक पेटीत बंद करतात. पेटी फोडली की त्या गुणांना अर्थ राहत नाही. एवढ्या हौसेने घेतलेले पुस्तक मालकास उघडून वाचता येऊ नये, ही मोठी गंमतच होय. पण गुणांचा प्रभाव पाहा. फेब्रुवारी २०१० मध्ये सुपरमॅनच्या पहिल्या अंकाची आठ गुणांची प्रत १० लक्ष डॉलरांना विकली गेली. पुढच्याच महिन्यात साडेआठ गुणांच्या प्रतीस १५ लक्ष मिळाले. अर्ध्या गुणाचे मोल पाच लक्ष डॉलर!

हे पाहून एखाद्यास वाटेल, की फाटकी पाने चिकटवावी, उडालेला रंग भरावा आणि किंमत वाढवावी. परंतु अशी डागडुजी उघडकीस आली की किंमत उलट घसरते. झीज झालेली पण हात न लावलेली प्रत संग्राहकास अधिक प्रिय असते.

जतन कसे घडते याचे सर्वांत नवलाचे उदाहरण डेन्व्हर शहरात सापडले. तेथील एडगर चर्च नावाचा व्यावसायिक चित्रकार आपल्या कामास संदर्भ म्हणून चित्रकथांचे अंक विकत घेई आणि घरात एकावर एक घट्ट रचून ठेवी. डेन्व्हर उंच पठारावर आहे. हवा थंड व कोरडी. गठ्ठ्यांच्या आत उजेड शिरला नाही, वारा शिरला नाही. १९७७ साली घर विकण्याची वेळ आली, तेव्हा सुमारे अठरा ते बावीस हजार अंक बाहेर निघाले. चाळीस वर्षांपूर्वीचे अंक काल छापल्यासारखे दिसत होते! आजही त्या घरातील प्रत म्हटली की संग्राहक अधिक किंमत देतात.

अशा वार्ता पसरू लागल्यावर लोकांनी अंक जपण्यास आरंभ केला आणि तेथेच गणित चुकले. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूची कथा असलेला अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला. अनेकांनी पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन पिशवी न उघडता कपाटात ठेवल्या. लक्षावधी प्रती छापल्या गेल्या आणि बहुतेक सर्व टिकल्या. त्यामुळे आज त्यांस फारशी किंमत येत नाही.

सुपरमॅनच्या निर्मात्यांना काय मिळाले, हेही पाहण्याजोगे आहे. जेरी सीगल व जो शूस्टर हे क्लीव्हलंड येथील शाळासोबती. एकाने कथा लिहिली, दुसऱ्याने चित्रे काढली; कित्येक वर्षे ती कोणी स्वीकारीना. अखेर १९३८ साली त्यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांना प्रकाशकास विकून टाकले. पुढे त्यांनी न्यायालयाची दारे ठोठावली. १९७५ साली कंपनीने दोघांना दरवर्षी २० हजार डॉलर देण्याचे आणि कथेवर पुन्हा त्यांची नावे छापण्याचे मान्य केले. हक्कांचे ते १३० डॉलर व इतर कामाचा मोबदला मिळून ४१२ डॉलरांचा जो धनादेश त्यांना मिळाला होता, तोही जपून राहिला. २०१२ साली तो लिलावात निघाला आणि १,६०,००० डॉलरांना विकला गेला.