भास्कराचार्यांचें स्वयंवह यंत्र

गोदातीरीं टोंके (अहमदनगर, आतांचा अहिल्यानगर जिल्हा) येथें जन्मलेले ज्योतिर्विद बापूदेवशास्त्री यांनीं विल्किन्सनकृत गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर तपासून शुद्ध केलें व तें १८६१ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून त्यांतील स्वयंवह यंत्राविषयीं वाद चालत आला आहे. हें चक्र खरोखरच आपोआप फिरत असे काय, याचा आम्ही येथें विचार करितों.

सिद्धांतशिरोमणि शके १०७२ (इ. स. ११५०) मधील होय. त्यांतील यंत्र असें: हलक्या लांकडाचें चक्र घ्यावें, त्यास समान अंतरावर, एकाच बाजूस किंचित् वांकलेले पोकळ अर बसवावे, ते पाऱ्यानें अर्धे भरून तोंडें बंद करावीं, आणि चक्र दोन आधारांवर अडकवावें. एका बाजूस पारा अरांच्या मुळाकडे व दुसऱ्या बाजूस टोंकाकडे धांवतो, त्यामुळें चक्र ओढलें जातें, अशी उपपत्ति आचार्यांनीं स्वतःच्या वासनाभाष्यांत दिली आहे. हीच कल्पना ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें मांडिली होती.

अक्षापासून दूर गेलेल्या पाऱ्याचा ओढा अधिक, हें खरें. परंतु तळाशीं आलेल्या अरांतील पाराहि टोंकाशींच असतो, आणि चढत्या बाजूस लागतांच तो चक्रास मागें ओढितो. शिवाय एका फेऱ्यांत पारा जितका खालीं उतरतो तितकाच त्यास वर चढवावा लागतो. शिल्लक कांहींच उरत नाहीं. हातानें दिलेली गति अक्षाच्या घर्षणांत संपली कीं चक्र थांबणारच.

मग आचार्यांची चूक झाली काय? यावर दोन पक्ष संभवतात. लल्लादिकांचें स्वयंवह दुसऱ्यावर अवलंबून, म्हणून ग्राम्य, असें आचार्य म्हणतात. यावरून स्वतःचें यंत्र ते निरपेक्ष मानीत, असा एक पक्ष. परंतु प्रकरणाच्या शेवटीं ते सांगतात कीं, असें यंत्र कुहकविद्येनें नानाप्रकारें होतें. गोलाशीं त्याचा संबंध नाहीं. पूर्वाचार्यांनीं सांगितलें म्हणून आपणहि सांगितलें. कुहक म्हणजे लोकांस चकित करणारी युक्ति. हा समारोप आम्हांस निर्णायक वाटतो. आचार्य यंत्राचें वर्णन करितात, पण ग्रहगणिताचा भार त्यावर टाकीत नाहींत.

याउलट आर्यभटीयाच्या टीकाकारांनीं वर्णिलेला गोल खरोखर फिरे. भांड्यांतील पाणी गळे तसा पाऱ्यानें भारलेला तुंबा खालीं उतरे व दोरीनें गोलास ओढी. तेथें गति पाण्याची होती, फुकटची नव्हती. स्वयंवह हा एकच शब्द या दोहोंस लागल्यानें घोटाळा वाढला आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, आपल्या दप्तरांत गोलाध्यायाची पोथी असल्यास यंत्राध्यायाचें शेवटचें पान आधीं पाहावें, आणि मूळाबरोबर वासनाभाष्य आहे कीं नाहीं तें नोंदवावें. तें पान गळालें, तर चक्र राहतें आणि आचार्यांचा विवेक मात्र हरवतो.